टाळेबंदीआधी दुकानदाराने लावून ठेवायची फाईल

गाळा भाड्याचा, हाताखाली चार-सहा माणसं आणि डोक्यावर बँकेचा हप्ता, अशांसाठी ही यादी. साथीमुळे सरकारने शटर ओढायला लावल्यावर कागद शोधत बसण्यापेक्षा फाईल आत्ताच लावा.

सर्वांत वर गाळ्याचा करारनामा. साथ किंवा सरकारी बंदीचं कलम त्यात आहे का आणि त्यात भाडं माफ होतं की नुसतं लांबतं, ते बघून पेन्सिलने खूण करा. कलम नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्या. ‘दुकानच बंद होतं हो’ एवढ्यावर भाडं सुटत नाही. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने कोरोनाच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये भाडं स्थगित करायला नकार दिला. भरायला मुदत तेवढी मिळाली. कर्जाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते लांबवायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिलं. म्हणून हप्ता थांबवण्याआधी एकूण किती वाढेल, ते शाखेकडून लेखी घ्या.

खरी डोकेदुखी पगाराची. २९ मार्च २०२० ला केंद्राने बंद काळाचा पगार कपात न करता द्या, असा आदेश काढला. १८ मेपासून तो उरला नाही. पुढे १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून तोडगा काढावा, असं सांगितलं. बोलणं झालं तर त्याचा कागद हवा, आणि तोही कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. ओडिशाच्या मुलाची मराठी मजकुरावर सही घेऊन ठेवण्यात काय अर्थ? हजेरीपट बंद काळातही कोरा सोडू नका, ‘आदेशाने बंद’ असं लिहा. पैसे बँकेतूनच द्या आणि शेऱ्यात महिना घाला.

आदेश जिल्हाधिकारी किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. जावक क्रमांक, सही, मुदत कधी संपते आणि सवलतींचं परिशिष्ट, एवढं तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रतीत नेमकं परिशिष्टच गायब असतं. साथरोग अधिनियम १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा, पण अजून चालतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ५१ खाली आदेश मोडल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि खोटी घबराट पसरवली तर कलम ५४ खालीही तेवढीच. त्यामुळे दुकानाच्या ग्रुपवर काय पुढे ढकललं जातं, यावर लक्ष ठेवा.

वसुलीचा दावा लावायचा असेल तर मुदतीची तारीख फाईलच्या कव्हरवरच लिहा. मागच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, पण पुन्हा तसं होईलच म्हणून थांबू नका.

शेवटी विमा. धंदा बुडाल्याची भरपाई बहुतेक पॉलिसींत आगीसारख्या कारणाने मालमत्तेचं नुकसान झालं तरच मिळते. नुसत्या बंदला ती लागू आहे का, हे एजंटला तोंडी नव्हे, ईमेलवर विचारा.