विमानाचं अंतर आणि वेळ: तिकीट नीट कसं वाचावं

वाडीत कुणाचं दुबई-कुवेतचं तिकीट आलं की ते वाचायला माझ्याकडे येतं. अंतर काढणं सोपं आहे. माणसं फसतात ती वेळेत.

अंतर सपाट नकाशावर पट्टी लावून कधीच मोजू नका. पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन विमानतळांमध्ये दोरा ताणा. मुंबई–न्यूयॉर्कची पट्टी आफ्रिकेवरून जाते, ताणलेला दोरा आइसलँडवरून. जवळची वाट दोऱ्याचीच, सुमारे १२,५०० किमी. मुंबई–लंडन ७,२०० आणि मुंबई–दुबई १,९०० किमीच्या थोडं वर.

किलोमीटरला ८५० ने भागा, वर पाऊण तास धरा. दुबईला तीन तास येतात. लंडनला जाताना वारा समोरून असतो, म्हणून परतीपेक्षा तासभर जास्त लागतो.

आता घड्याळ. तिकिटावर निघायची वेळ जिथून निघता तिथल्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ जिथे पोचता तिथल्या. सरळ वजाबाकी केलीत की चुकलात. दोन्ही वेळा आधी भारतीय घड्याळात आणा, कागदावर लिहा, मगच वजा करा. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत अडीच तास. लंडन एरवी साडेपाच तास मागे, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार.

थोरला भाऊ कुवेतहून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हाचं तिकीट अजून पाठ आहे: ९ तारीख, निघणार २१:१५, पोचणार ०३:४५. मी ९ तारीख आणि पावणेचार एवढंच वाचलं. ८ ला दुपारी भर पावसात भाड्याची गाडी केली, आईला घेऊन रात्रभर विमानतळाबाहेर थांबलो. भाऊ तेव्हा कुवेतमध्ये आपल्या खोलीवर झोपला होता. पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ होतं, म्हणजे दुसरा दिवस, १० तारीख. आई तो दिवस नातेवाइकांकडे बसून राहिली, गाडीचं भाडं दुप्पट झालं. आणि प्रवास साडेसहा तासांचा नव्हताच. कुवेतचे २१:१५ म्हणजे आपले २३:४५, तिथून ०३:४५ पर्यंत चार तास.

तेव्हापासून मी आधी ‘+१’ शोधतो, त्याला लाल गोल करतो, मग बाकीचं वाचतो. तुम्हीही तेच करा. ‘रात्रीचं विमान’ असं फोनवर कुणी सांगितलं तर मानू नका, तिकिटाचा फोटो मागवा.

जाणाऱ्यालाही हाच धोका. १५ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे १४ ची रात्र. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं आणि चिपळूणहून रस्त्याने सात-आठ तास धरायचे, म्हणजे १४ ला दुपारी दीडच्या आत घर सोडायला हवं. गणपतीत माणगावला गाड्या अडकतात, तेव्हा सकाळचा चहा झाला की निघा.