आई-बाबा एप्रिलमध्ये नेदरलँड्सला येताहेत? तयारी नाशिकपासूनच

नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या नाशिककरांच्या घरी पाहुण्यांचा मोसम ठरलेला: ट्युलिप फुलले की आई-बाबा. वेळ उत्तमच. इकडे पारा चाळिशीकडे निघालेला असतो, तिकडे दुपारी १२ ते १४ अंश. ही भेट फुलं चुकल्यामुळे सहसा बिघडत नाही. ती बिघडते उशिरा हललेल्या कागदांमुळे, घरातल्या उभ्या जिन्यामुळे आणि रोज एक ठिकाण उरकायच्या हट्टामुळे.

कागदांपासून सुरुवात करू. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि तो निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, चौकशी निघाली तर ४५. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर जानेवारीतच मुंबईतल्या व्हिसा केंद्राची वेळ घेऊन टाका. मार्चमध्ये सगळ्यांनाच ट्युलिप आठवतात. फी माणशी ९० युरो, व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतल्यानंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी हे विम्याच्या अर्जात लपवू नका. नेमकं त्याच दुखण्याचं बिल आलं तर विमा हात वर करतो.

मुलाने किंवा मुलीने तिथे भरायचं हमी आणि निवासाचं पत्र असतं. त्यावरची सही खेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, प्रमाणित करून घ्यावी लागते. मूळ कागद कुरिअरने नाशिकला पाठवा, सोबत नोकरीचा करार आणि शेवटच्या तीन पगारचिठ्ठ्या. नातं सिद्ध करायला मुलाचा जन्मदाखला लागतो आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते. दाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, पासपोर्टवर सासरचं पूर्ण नाव, कुठे माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा. अर्जाला आरक्षण पुरतं.

आणि तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. १ एप्रिल ते ३० जून हे ९१ दिवस होतात. व्हिसाच्या चिकटपट्टीवर दिवसांचा आकडा छापलेला असतो. तो ९० पेक्षा कमी असेल तर तोच खरा.

सामान भरताना आईचा उत्साह आवरणं सगळ्यात अवघड. युरोपीय संघात भारतातून मांस आणि दूध-दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर इथेच राहणार. ताजा कढीपत्ता, आंबे, द्राक्षं यांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते घरगुती पिशवीला कोण देणार? चिवडा, पापड, कोरडे मसाले, बेदाणे बिनधास्त न्या. विमान दुबई किंवा अबू धाबीवरून असेल तर खसखस बॅगेत नको, नुसती नको आणि अनारशांवरचीही नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह; चिठ्ठीवर कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या.

कपड्यांबाबत गैरसमज फार. ज्यांनी निफाडची जानेवारी काढली आहे त्यांना तिथल्या थंडीचं कौतुक वाटणार नाही. त्रास होतो वाऱ्याचा. जाडजूड ओव्हरकोटापेक्षा आत सुती बनियन, वर स्वेटर आणि सगळ्यावर टोपी असलेलं, वारा-पाणी अडवणारं पातळ जाकीट घ्या. छत्री पहिल्याच दिवशी उलटी होते. डच लोक म्हणतातच, एप्रिल त्याला हवं ते करतो: सकाळी ऊन, अकराला गारा, दुपारी परत ऊन. साडी नेसायची असेल तर आत लेगिंग आणि पायात मोजे-बूट.

मुलांनी घरात काय करायचं? डच घरांचे जिने अरुंद आणि शिडीसारखे उभे. गुडघेदुखी असेल तर झोपायची सोय तळमजल्यावर, निदान संडास त्याच मजल्यावर. संडासात पाण्याचा मग ठेवा किंवा हात-फवारा बसवा. आई-बाबा हे मागायला लाजतात, म्हणून न विचारता करा. फोडणीच्या धुराने धूर-घंटा वाजते, ती बंद कशी करायची ते पहिल्याच दिवशी दाखवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, मग वेळेचा फरक साडेतीन तासांचा उरतो. म्हणजे नाशिकच्या साडेसहाच्या सवयीने त्यांना पहाटे तीनला जाग येणार. चहा-साखर-दूध हाताशी ठेवा आणि पहिले तीन दिवस काहीही ठरवू नका.

आता फुलं. लिसे गावातली कॉयकेनहॉफ बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते: ३२ हेक्टर, सुमारे ७० लाख कंद. तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढायचं. सकाळी आठची पहिली वेळ घ्या, नाहीतर दुपारी तीननंतरची. मधल्या तासांत पर्यटकांच्या बस रिकाम्या होतात. इतक्या विस्तारात एकदम फिरणं सत्तरीतल्या माणसाला झेपत नाही. दोन तास, मग बाकावर डबा, मग तास-दीड तास. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी नोंदवा. शनिवार-रविवार आणि ईस्टरचा सोमवार टाळा.

बाहेरची शेतं मात्र वेगळा हिशोब. मार्चअखेर डॅफोडिल आणि हायसिंथ, ट्युलिपचा भर साधारण एप्रिलच्या मध्यापासून. शेतकरी फुलं विकत नाही, कंद विकतो. म्हणून फूल उमललं की थोड्याच दिवसांत यंत्राने मुंडकी छाटतो, म्हणजे ताकद कंदात उतरते. काल रंगीत असलेलं शेत आज हिरवं दिसतं ते यामुळे. शेतात पाय ठेवू नका, फोटोसाठीही नाही. बुटांबरोबर रोग जातो, आणि द्राक्षबागेत परका माणूस शिरलेला पिंपळगावात तरी कोणाला चालतो?

एक दिवस बाहेर, एक दिवस घरी, हा वेग बहुतेकांना मानवतो. नातवंडं बरोबर असतील तर हेगचं मादुरोडाम, जिथे आख्खा देश २५ पट लहान करून मांडला आहे. पवनचक्क्यांसाठी किंडरडाइक, तिथे १९ आहेत आणि वाटा सपाट, पण आडोसा नाही, म्हणून वाऱ्याचा दिवस सोडून जा. ट्रेन-ट्रामसाठी प्रत्येकाकडे स्वतंत्र बँक कार्ड हवं. एका कार्डावर दोघे जात नाहीत. चढताना टेकवलेलं कार्ड उतरताना टेकवायला विसरलं तर जास्तीचे पैसे कापले जातात, आणि मोबाइल व प्लास्टिक कार्ड ही यंत्राला दोन वेगळी कार्डं वाटतात.

खरा धोका लाल डांबराच्या पट्टीचा. ती सायकलींची, फूटपाथ नव्हे. सायकल आवाज न करता येते आणि आपल्यासाठी थांबत नाही. फोटो काढायला मागे सरकताना सगळ्यात जास्त जपा.

२७ एप्रिलला राजाचा वाढदिवस (रविवार आला तर २६ ला). त्या दिवशी ॲम्स्टरडॅमकडे फिरकू नका. मुलगा-मुलगी राहतात त्या डच गावच्याच बाजारात मुलं रस्त्यावर सतरंजी टाकून जुनी खेळणी विकतात, ते बघायला आजी-आजोबांना जास्त आवडतं. ४ मेला रात्री आठला युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं शांतता पाळतात. फोन बंद ठेवून उभं राहायचं.

परतताना ट्युलिपचे कंद मागितले जातील. नका आणू. लागवड शरद ऋतूत होते, वसंतात ती वेळ नसते, भारतात आणायला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि फुलायला कित्येक आठवड्यांची सलग थंडी हवी, ती गंगापूर रोडच्या गच्चीवर कुठली? लाकडी ट्युलिप घ्या.