आधी लोन पेअर शोधा: औषधाच्या रेणूतला नायट्रोजन कसा वाचायचा

प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं एखाद्या औषधाची रचना घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, इथे बेंझिन सोडून पिरिडीन का घातलंय?" मी पेन्सिल पुढे करते. प्रत्येक नायट्रोजनची लोन पेअर काढ, म्हणजे दुसऱ्या अणूशी बंध न केलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, ते दोन ठिपके. ती नेमकी कुठे आहे ते सांग, मग बोलू.

पिरिडीन म्हणजे बेंझिनच्या एका सीएचच्या (कार्बन-हायड्रोजनच्या) जागी नायट्रोजन. त्यात ही जोडी रिंगच्या प्रतलात, बाहेर तोंड करून असते. प्रोटॉन, हायड्रोजन बंध किंवा धातू, काहीही धरायला मोकळी. पायरोल या पाच अणूंच्या रिंगमध्ये तीच जोडी रिंगला स्थिर करणाऱ्या अरोमॅटिक सहा इलेक्ट्रॉनांत खर्ची पडलेली असते, म्हणून तो नायट्रोजन काही घेत नाही, उलट आपला हायड्रोजन बंधासाठी पुढे करतो. इमिडाझोलमध्ये दोन नायट्रोजन, म्हणून एकाच रिंगमध्ये हे दोन्ही स्वभाव नांदतात.

ठिपके काढून झाले की शेजारी पीकेए लिहा, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन घेतलेले असतात तो आकडा. काहीही न जोडलेल्या रिंगचे आकडे पाठच करा: पिरिडीन 5.2, इमिडाझोल साधारण 7, मॉर्फोलीन 8.4, पायपेरिडीन 11. रक्ताचा पीएच 7.4. पीकेए त्याहून एकने जास्त असेल, तर दहा रेणू प्रोटॉन घेतलेले आणि एक मोकळा, असं प्रमाण पडतं. म्हणजे मॉर्फोलीन रक्तात सुमारे 91 टक्के भारित, आणि पिरिडीन एक टक्काही नाही. भारित रूप पाण्यात विरघळतं, मोकळं रूप पेशीच्या पडद्यातून जातं. औषधाला दोन्ही लागतात. मात्र आजूबाजूचे गट हे आकडे हलवतात. पायपेराझीन रिंगच्या दोनपैकी एका नायट्रोजनला थेट बेंझिन रिंग जोडली की त्याचा बेसिकपणा, म्हणजे प्रोटॉन घेण्याची ओढ, पार उतरतो.

आता इमॅटिनिब कागदावर काढा. रक्ताच्या कर्करोगावरच्या या औषधाला अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळाली, आणि शिकायला याच्यासारखा रेणू नाही. एका टोकाच्या पिरिडीनचा नायट्रोजन हे औषध ज्याला अडवतं त्या एबीएल कायनेझ एन्झाइममधल्या मेथिओनिन 318 या अमिनो आम्लाशी हायड्रोजन बंध करतो. दुसऱ्या टोकाला मिथाइलपायपेराझीन आहे, ते मुख्यतः विद्राव्यतेसाठी जोडलं. दोघांत नायट्रोजनच, पण एक पकडायला आणि एक विरघळवायला. कुठल्याही रेणूतल्या प्रत्येक नायट्रोजनपुढे असं एका शब्दात काम लिहा. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही, तो काढून पाहण्यासारखा.

मोकळ्या नायट्रोजनचा धोकाही ओळखायला हवा. माझं एक संयुग बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळेना. कुपीच्या तळाशी पांढरी पूड तशीच. मी फिनाइलच्या, म्हणजे जोडलेल्या बेंझिन रिंगच्या, जागी 4-पिरिडिल, म्हणजे तशीच जोडलेली पिरिडीन रिंग, घातली. द्रावण स्वच्छ झालं, एन्झाइमवरचे आकडेही छान आले आणि मी निर्धास्त झाले. यकृतात औषधं मोडणाऱ्या सीवायपी एन्झाइमांची चाचणी मी कित्येक आठवडे पुढे ढकलली, आणि ती केली तेव्हा कळलं की आमचं संयुग सीवायपी 3ए4 बंद पाडतंय. त्या नायट्रोजनच्या शेजारी काहीच नव्हतं, त्यामुळे त्याने सरळ एन्झाइमच्या हीम या भागातलं लोह धरलं होतं. असं संयुग दुसरी औषधं शरीरात साठवून ठेवतं. शेजारच्या कार्बनवर एक मिथाइल बसवलं, वाट अडली, आणि सीवायपीचा त्रास बराच कमी झाला.

बुरशीविरोधी अ‍ॅझोल औषधं हीच पकड मुद्दाम वापरतात, बुरशीच्या सीवायपी 51 या एन्झाइमवर. केटोकोनाझोलचं इमिडाझोल माणसाच्या एन्झाइमांनाही चांगलंच धरतं. फ्लुकोनाझोलमध्ये ट्रायाझोल आलं आणि निवडकपणा वाढला. एका सीएचच्या जागी एक नायट्रोजन, एवढाच रिंगमधला फरक!

तुमच्या संयुगांच्या मालिकेतही हेच करून पाहा: बेंझिन रिंगवरचा एकेक सीएच काढून तिथे नायट्रोजन, एका वेळी एकच बदल. मूळ फिनाइल संयुग दर वेळी त्याच चाचणी-प्लेटवर सोबत तपासा, आणि सीवायपीची चाचणी पहिल्याच आठवड्यात लावा.