बाळाला श्वासाची ट्यूब टाकताना टॉवेल आधी खांद्याखाली
तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, सपाट झोपवलं की हनुवटी छातीकडे वाकते आणि श्वासाची वाट दबते, म्हणून लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) हातात घ्यायच्या आधी खांद्याखाली टॉवेलची घडी सरकवा, कानाचं भोक आणि गळ्याखालची खाच एका पातळीत आली की बास. मोठ्यांना मात्र उशी डोक्याखाली. अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) छाती नीट वर येतेय ना, मग घाई नको, खरंच. 2 वर्षांपुढे कफवाल्या ट्यूबचा (टोकाजवळ हवेचा छोटा फुगा असलेल्या) साइज मिमीमध्ये, वर्षांतलं वय भागिले 4 अधिक 3.5, पण अर्धा नंबर लहान आणि अर्धा मोठी अशा दोन्ही काढून ठेवा. ट्यूब गेल्यावर कॅप्नोग्राफ (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) बघाच, नुसत्या स्टेथोवर विसंबू नका, बाळांमध्ये पोटातला आवाजही छातीवर ऐकू येतो.