लिथुएनियन सामना माइकवर सांगताना जोर कुठे द्यायचा

कौनासमध्ये हिवाळ्यात दर शनिवारी हौशी बास्केटबॉलचे सामने होतात आणि गेली तीन वर्षं माइक माझ्याकडे असतो. पहिल्याच सामन्यात मी 'दॅशिम्त ताश्कू', म्हणजे दहा गुण, असं म्हणताना 'ताश्'वर जोर दिला. गुणलेखनाच्या टेबलावरच्या आजोबांनी पेन्सिलीने दोन ठोके दिले, पहिला हलका, दुसरा दणदणीत. ता-श्कूऽ.

एक गुण असेल तर 'ताश्कास', जोर पहिल्या अक्षरावर. 'ताश्कू' झालं की तो शेवटी जातो. आपल्याकडे विभक्ती लागली की 'घर'चं 'घरा' होतं. इथे रूपाबरोबर पुष्कळदा जोरही सरकतो, आणि रोजच्या छापील मजकुरात त्याची खूण नसते. शहराचंच नाव घ्या. 'कौनास'मध्ये जोर 'कौ'वर, पण 'कौनासमध्ये' म्हणायला 'कौने', आणि तिथे तो 'ने'वर. म्हणून तयारी करताना नुसते सुटे शब्द लिहून ठेवू नका. जे वाक्य तोंडी येणार आहे ते अख्खं लिहा आणि जोराचं अक्षर लाल शाईने गिरवा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

आडनावांचं शेपूट ओळखा. '-ओनिस' असेल तर जोर 'ओ'वर: सबोनिस, मार्चुल्योनिस. '-ऊनास' असेल तर 'ऊ'वर: व्हालान्चूनास. (यात 'च'नंतर लिहिलेला 'आय' वाचायचा नसतो, 'चियूनास' म्हणू नका.) मुलींच्या '-ईते'मध्ये 'ई'वर: 2012 साली लंडनला पंधराव्या वर्षी पोहण्यात सुवर्ण जिंकणारी रूता मैलुतीते. परदेशी खेळाडूचं नाव मात्र त्यालाच विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या.

अडलं तर कौनासच्या व्हितौतास माग्नुस विद्यापीठाचं 'किर्चुओक्ले' हे ऑनलाइन साधन आहे. मजकूर टाकला की खुणा लावून मिळतात. एकाच रूपाचे दोन उच्चार दाखवले, तर विभक्ती बघून आपण निवडायचं.

खुणा तीन. एक ऱ्हस्व अक्षराची. उरलेल्या दोन दीर्घ अक्षरात आवाज सुरुवातीला भक्कम की शेवटी, हे सांगतात. 'आऽउक्श्तास' म्हणजे इमारतीचा मजला, 'अऊऽक्श्तास' म्हणजे उंच. सेंटर खेळणाऱ्या सहा फूट दहा इंची मुलाला मजला म्हणायचं नसेल, तर 'ऊ' धरून ठेवा. स्वर चुकल्याने 'इन्द्रशत्रु'चा अर्थ उलटला आणि वृत्रच मारला गेला, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. वेदातल्या उदात्ताचं हे लांबचं भावंडच आहे. तरी हा भेद दुसऱ्या वर्षी शिका. आधी जोराची जागा पक्की करा.

सामन्याआधी वीस मिनिटं मी रिकाम्या हॉलमध्ये यादी मोठ्याने वाचतो, बोटाने टेबलावर ठोके देत. आजोबा शेजारी बसून कागद लावत असतात. ठोका चुकला की त्यांचे हात थांबतात.