कवळीच्या कामाची मांडणी: पेशंट खुर्चीत बसण्याआधी काय काय तयार हवं

कवळीच्या कामातलं जवळपास प्रत्येक साहित्य घड्याळावर चालतं. अल्जिनेट, म्हणजे हिरडीचा ठसा घ्यायची पावडर, पाण्यात पडलं की हातात दोन-तीन मिनिटं. पक्क्या मापाची झिंक ऑक्साइडची पेस्ट घोटायला घेतली की तीच गत. ग्रीन स्टिक, म्हणजे ट्रेची कडा घडवायची, गरम केल्यावर मऊ होणारी कांडी, ज्योतीवरून बाजूला झाली की थोड्याच वेळात कडक. एवढ्यात डॉक्टरांनी हात पुढे केला आणि हवी ती वस्तू जागेवर नसली, तर माप (हिरडीचा ठसा) पुन्हा घ्यावं लागतं. म्हणजे दात नसलेल्या, बहुधा वय झालेल्या माणसाच्या घशाशी दुसऱ्यांदा मापाचा ट्रे. पहिल्याच वेळी नीट मापाने काम व्हावं, यातला मोठा वाटा मांडणी करणाऱ्या असिस्टंटचा असतो.

पूर्ण कवळीला साधारण पाच भेटी लागतात: पहिलं माप, पक्कं माप, जबड्यांचा मेळ म्हणजे जॉ रिलेशन, मेणातल्या दातांची ट्रायल, आणि कवळी बसवणं. सगळं सामान एकदम काढून ठेवू नका. भेटीनुसार मांडा. ट्रॉलीवर नको त्या वस्तूंची गर्दी असली की हवी ती वस्तू सापडत नाही, शिवाय न वापरलेलीही पुन्हा निर्जंतुक करावी लागते.

आदल्या दिवशीची कामं

पक्क्या मापाची वेळ असेल आणि पेशंट जुनी कवळी वापरत असेल, तर आदल्या दिवशी फोन करा: "आजी, उद्या येईपर्यंत कवळी काढून ठेवा, घालू नका." निदान २४ तास हिरडीला विश्रांती हवी. कवळीखाली दबलेल्या, सुजलेल्या हिरडीचं माप घेतलं, तर नवी कवळी त्या सुजेच्या आकाराची बनते आणि सूज उतरली की सैल पडते.

स्पेशल ट्रे, म्हणजे त्या पेशंटच्या जबड्याबरहुकूम बनवलेला ट्रे, तोही आदल्या दिवशी तयार हवा. उष्णता न देता कडक होणारं कोल्ड क्युअर अ‍ॅक्रिलिक कडक झालं तरी पुढचे काही तास ते किंचित आकसत राहतं, त्यामुळे सकाळी ट्रे करून दुपारी माप घेणं धोक्याचं. पावडर आणि लिक्विड आकारमानाने ३ ला १ घ्या. पाणथळ, वाळूसारख्या अवस्थेत हात लावू नका. तारा सुटायच्या बंद होऊन कणकेसारखा गोळा झाला की साधारण २ मिलिमीटर जाडीचा थर कास्टवर (पहिल्या मापात स्टोन ओतून केलेल्या जबड्याच्या प्रतिकृतीवर) बसवा. कास्टला आधी सेपरेटिंग मीडियम लावायला विसरलात, तर ट्रे आणि कास्ट एकमेकांना सोडत नाहीत आणि कास्ट फोडावा लागतो. ट्रेची कडा गालाच्या-ओठाच्या खोबणीच्या तळाच्या २ मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे, कारण ती जागा ग्रीन स्टिकने भरायची असते. अ‍ॅक्रिलिकचं लिक्विड पेट्रोलसारखं पेटतं. ते उघडलेलं असताना त्या खोलीत स्पिरिटचा दिवा लावू नका.

धातूचे ट्रे, मेणाची सुरी, कार्व्हर, बाइट फोर्क (फेसबोचा तोंडात जाणारा भाग) हे सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जातं. पाकिटात घातलेल्या वस्तूंना १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला ३० मिनिटं द्या. त्याआधी ट्रेच्या भोकांतलं जुनं अल्जिनेट आणि सुरीवरचं मेण पूर्ण काढा. मेणाच्या थराखाली वाफ पोचत नाही, आणि वितळलेलं मेण पाकिटाला चिकटून बसतं. रबर बाऊल, शेड गाइड (दातांच्या रंगछटांचे नमुने) आणि आर्टिक्युलेटर (जबड्यांची हालचाल दाखवणारं, कास्ट बसवायचं उपकरण) ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. साबणाच्या पाण्याने धुऊन किंवा पुसून त्यांना जंतुनाशक लावा.

पहिलं माप

नेहमीच्या ट्रेमध्ये माउथ मिरर, प्रोब, चिमटा, गॉज, बिब, सक्शनचं टोक, ग्लासभर पाणी आणि व्हॅसलिन. शेजारी किडनी ट्रे. काही पेशंटना उमासे येतात, तेव्हा तो शोधत फिरायची वेळ येऊ नये. जुनी कवळी असेल तर ती टिश्यूत गुंडाळून ठेवू नका, कचऱ्यात जाते. झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवा आणि डबीवर नाव लिहा.

प्रत्येक जबड्यासाठी अंदाजे आकाराचे दोन-दोन ट्रे काढा. वरचा ट्रे मागे टाळूच्या हलत्या भागाच्या सीमेपर्यंत आणि खालचा शेवटच्या दाढेमागच्या मऊ उंचवट्यापर्यंत पोचला पाहिजे. थोडा कमी पडत असेल तर कडेला युटिलिटी वॅक्सची वळी लावून वाढवता येतो, म्हणून ती हाताशी ठेवा. दात नसलेल्या जबड्यासाठी इम्प्रेशन कंपाउंड (गरम पाण्यात मऊ होणारं मापाचं साहित्य) वापरायचं असेल तर बिनभोकांचा ट्रे, अल्जिनेट असेल तर भोकांचा किंवा कडा दुमडलेला.

कंपाउंडच्या वड्यांना ५५ ते ६० अंशांचं पाणी लागतं. वॉटर बाथ असेल तर तो पेशंट यायच्या पंधरा मिनिटं आधी लावा, नसेल तर किटलीतलं पाणी भांड्यात ओतून थर्मामीटर लावा. हाताने अंदाज घेऊ नका. भांड्याच्या तळाला गॉजचा तुकडा अंथरा, नाहीतर वडी तळाला चिकटते. कंपाउंडमधून उष्णता फार हळू आत शिरते: बाहेरून लोण्यासारखं मऊ झालेलं असतानाही आत कडक गाठ राहते, आणि ती गाठ मापात हिरडीला दाबते. म्हणून वडी पूर्ण मऊ होऊ द्या, मग कडेकडून मध्याकडे मळत गोळा एकजीव करा. पण पाण्यात तासभर पडलेलं कंपाउंडही कामाचं नसतं; त्यातले मऊपणा देणारे घटक पाण्यात निघून जातात आणि ते भुसभुशीत होतं. ग्लोव्हजना व्हॅसलिनचा पुसट हात असला की चिकटत नाही. माप तोंडात थंड करायला थंड पाणी भरलेली सिरिंज हवी.

एकदा तोंडात गेलेलं कंपाउंड पुन्हा वितळवून दुसऱ्या पेशंटला वापरायचं नाही. ५५-६० अंशांच्या पाण्याने जंतू मरत नाहीत. त्यात वाचणारे पैसे कुणाच्याही तब्येतीपेक्षा मोठे नाहीत.

अल्जिनेट: सगळा खेळ पाण्याचा

डबा उघडण्याआधी उलटा-सुलटा हलवा, म्हणजे तळाला बसलेली पावडर मोकळी होते. मग क्षणभर थांबून झाकण काढा, नाहीतर बारीक धूळ नाकात जाते. दाबून भरलेला चमचा आणि सैल भरलेला चमचा यांत पावडरीचं वजन बरंच बदलतं, आणि मग मिश्रण कधी घट्ट, कधी पातळ होतं. चमचा भरून सुरीने सपाट करा. बऱ्याच कंपन्यांच्या मापाने वरच्या ट्रेला तीन चमचे आणि खालच्याला दोन पुरतात, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण आणि त्याच डब्यातलं पाण्याचं मोजपात्र हेच प्रमाण. एका कंपनीचा चमचा दुसऱ्याच्या डब्यात चालत नाही.

पाणी २० अंशांच्या आसपास हवं. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चांगलंच गरम लागतं. त्या पाण्यात अल्जिनेट ट्रेमध्ये भरता भरता घट्ट होतं, आणि मग पावडरीला दोष दिला जातो. फ्रिजमध्ये पाण्याचा जग कायम भरलेला ठेवा आणि नळाच्या पाण्यात मिसळून थर्मामीटरवर २० आणा. वेळ वाढवण्यासाठी पाणी जास्त घालू नका, मिश्रण अशक्त होतं आणि माप काढताना फाटतं.

आधी पाणी, मग पावडर. कोरडी पावडर ओली होईपर्यंत हळू ढवळा, नंतर बाऊल डाव्या हातात आडवा धरून फिरवत राहा आणि स्पॅच्युला चपटा धरून मिश्रण भिंतीवर जोरात दाबत, चोपडत घोटा. नुसतं फेटलंत तर हवा शिरते. दाबून घोटल्यावर बुडबुडे फुटतात आणि ४५ सेकंद ते एका मिनिटात मिश्रण गुळगुळीत, चकचकीत, स्पॅच्युलावरून न ओघळणारं होतं. बाऊलमध्ये आदल्या दिवशीच्या प्लास्टरचा कण राहिला असेल, तर अल्जिनेट वेळेआधीच सेट होतं. म्हणून प्लास्टरचा बाऊल आणि अल्जिनेटचा बाऊल वेगळे ठेवा, शक्यतो वेगळ्या रंगांचे.

ट्रे अ‍ॅडहेसिव्ह (माप ट्रेला धरून ठेवणारा चिकट थर) लावणार असाल तर मिश्रणाआधी काही मिनिटं लावून वाळू द्या. ओल्या अ‍ॅडहेसिव्हवरून अल्जिनेट सरकतं. पेशंटला सरळ बसवून आधीच सांगा, "काका, मान थोडी पुढे घ्या, नाकाने श्वास घ्या." ट्रे तोंडात असताना सांगून उपयोग नसतो. सेट झाल्यावर ट्रे हळूहळू डुलवत नाही, एका झटक्यात काढायचा.

काही दात शिल्लक असलेल्या अर्ध्या कवळीलाही अल्जिनेटच. तिथे दातांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर थोडं मिश्रण बोटाने आधी चोळायचं असतं, त्यासाठी एक चमचा जास्त धरा.

माप निघाल्यावर

वाहत्या पाण्याखाली लाळ आणि रक्त धुऊन टाका. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट फवारून बंद पिशवीत १० मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. बाजारातली बाटली ५ टक्क्यांची असेल तर २० मिलिलिटर त्यात ८० मिलिलिटर पाणी. हे द्रावण रोज ताजं करा. कोबाल्ट-क्रोमची फ्रेम असलेलं काम त्यात १० मिनिटांपेक्षा जास्त बुडवू नका, धातू खराब होतो.

अल्जिनेटचं माप १० ते १५ मिनिटांत ओता. हवेत ठेवलं तर त्यातलं पाणी बाहेर पडून ते आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं. दोन्हीकडे कवळी चुकते. थांबणं भागच असेल तर ओलसर गॉजमध्ये गुंडाळून बंद पिशवीत. ट्रे मापाची बाजू खाली करून पालथा ठेवू नका.

डेंटल स्टोनला (कास्ट ओतायच्या कडक प्लास्टरला) १०० ग्रॅमला २८ ते ३० मिलिलिटर पाणी, साध्या प्लास्टरला ४५ ते ५०. छोटा डिजिटल वजनकाटा ठेवा. मुठीच्या अंदाजाने घातलेल्या पाण्यामुळेच बहुतेक कास्ट कमजोर निघतात. व्हायब्रेटरवर ट्रे धरून स्टोन एका बाजूने थोडा थोडा सोडा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघड्या पोत्यातला स्टोन दमट होतो आणि कधी लवकर, कधी उशिरा सेट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ४५ ते ६० मिनिटांनी कास्ट वेगळा करा. अल्जिनेट रात्रभर तसंच राहिलं तर कास्टचा पृष्ठभाग खडूसारखा पावडर सोडतो.

पक्कं माप

दोन गोष्टी एका वेळी लागतात: ग्रीन स्टिकसाठी स्पिरिटचा दिवा, आणि ती तोंडात नेण्याआधी बुडवायला कोमट पाण्याचं भांडं. ज्योतीवरची ग्रीन स्टिक थेट ओठाला लागली तर भाजतं. दिवा पेशंटच्या बिबपासून आणि सॅनिटायझरच्या बाटलीपासून लांब, डॉक्टरांच्या उजव्या हाताला. जादा काठ कापायला धारदार सुरी, स्पेशल ट्रेमध्ये पेस्टसाठी जागा राखणारं स्पेसरचं मेण काढायला कार्व्हर.

झिंक ऑक्साइड युजेनॉलच्या दोन ट्यूब असतात. दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या काढा. जाडी वेगळी दिसली तरी काळजी नको, दोन्ही तोंडं त्याच हिशोबाने वेगळ्या आकाराची केलेली असतात. झाकणं अदलाबदल करू नका, नाहीतर ट्यूबच्या तोंडातच पेस्ट दगड होते. काचेचा स्लॅब किंवा कागदी पॅड, आणि स्टीलचा रुंद स्पॅच्युला. रंगाच्या रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत घोटा, साधारण एक मिनिट. उष्णता आणि ओलावा दोन्ही ही पेस्ट घाईने सेट करतात. उन्हाळ्यात स्लॅब थोडा गार करा, पण त्यावर दव जमू देऊ नका. पेशंटच्या ओठांना आणि हनुवटीला आधीच व्हॅसलिन लावा. ही पेस्ट कोरड्या कातडीला जी चिकटते ती सहज निघत नाही. युजेनॉलची अ‍ॅलर्जी आहे का, हे केसपेपरवर पाहा. असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरं साहित्य काढा.

जॉ रिलेशन आणि ट्रायल

मेणाच्या रिम (दातांच्या जागी बसवलेल्या मेणाच्या कडा) लॅबमधून आल्या की मोजा: वरची पुढे साधारण २२ मिलिमीटर, खालची १८. कास्टवर डुलत असतील तर पेशंट यायच्या आत लॅबला कळवा. मांडणीत फॉक्स प्लेन (वरची रिम समपातळीत आहे का ते पाहायची पट्टी), विलिस गेज किंवा डिव्हायडर (चेहऱ्याची उंची मोजायला), पट्टी, नाकावर-हनुवटीवर खूण करायला पेन, मेणाची सुरी, हॉट प्लेट, बाइट रेकॉर्डचं साहित्य, आणि डॉक्टर वापरत असतील तर फेसबो (वरच्या जबड्याची सांध्याशी असलेली जागा टिपणारं उपकरण). शेड गाइड खिडकीजवळ पाहायची असते, तेव्हा ती वेळ शक्यतो दिवसाउजेडी द्या.

ट्रायलच्या दिवशी मेणातली कवळी थंड पाण्यात ठेवा. गरम खोलीत मेण मऊ होऊन दात हलतात. हातात धरायचा मोठा आरसा आणि आर्टिक्युलेटिंग पेपर (दात कुठे टेकतात त्याची खूण उमटवणारा रंगीत कागद). पेशंटला साठपासून आकडे मोजायला सांगतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्टमध्ये "स" आणि "ष" इतके येतात की शिट्टी वाजते का, दात अडकतात का, लगेच ऐकू येतं.

कवळी बसवताना

नवी कवळी कोरडी ठेवू नका, धुऊन पाण्यात. मायक्रोमोटर, सरळ हँडपीस, अ‍ॅक्रिलिक बर, प्रेशर इंडिकेटिंग पेस्ट (कवळी कुठे दाबते ते दाखवणारी), आर्टिक्युलेटिंग पेपर, आणि चकाकी द्यायला प्युमिस आणि बफ. घासून झाल्यावर तो भाग बोटाने फिरवून पाहा; खरखर राहिली तर जीभ दिवसभर तिथेच जाते. पेशंटसाठी डबी आणि मऊ ब्रश तयार हवेत.

वापरलेला कापूस आणि गॉज पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि सक्शनची टोकं लाल पिशवीत.

२४ तासांनंतरची वेळ त्याच वेळी वहीत लिहा आणि त्या दिवशीही पेस्ट, बर, हँडपीस मांडून ठेवा. पेशंटला सांगा, दुखलं म्हणून कवळी घरीच काढून ठेवू नका, येण्याआधी काही तास घालूनच या. म्हणजे कवळी नेमकी कुठे रुततेय ते हिरडीवरच्या लाल डागावरून दिसतं.