मेंदूच्या विद्युतलहरींचे त्रिमितीय चलचित्र कसे तयार करावे

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागावर सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची एक विद्युतलय उठते आणि डोळे उघडताच ती विरते. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे डोक्यावरून टिपलेला मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. या लयीचे ‘अल्फा’ हे नावही त्यांनीच दिले. डोक्याच्या त्रिमितीय साच्यावर या लहरी रंगांनी दाखवणारे पहिले चलचित्र याच लयीचे करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उत्तर आधी ठाऊक असलेल्या उदाहरणावर साधन पारखून घेतले नाही, तर पुढे पडद्यावर दिसणाऱ्या सुंदर रंगांपैकी खरे किती आणि आपल्या चुकीचे किती, हे कळण्यास मार्ग राहत नाही.

नोंदी मिळवण्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागत नाही. ‘फिजिओनेट’ या खुल्या संग्रहात १०९ स्वयंसेवकांच्या ६४ इलेक्ट्रोडच्या (डोक्यावर लावलेल्या विद्युतसंवेदकांच्या) नोंदी विनामूल्य मिळतात. प्रत्येकाची पहिली नोंद डोळे उघडे ठेवून आणि दुसरी डोळे मिटून घेतलेली आहे. दोन्ही एकेक मिनिटाच्या असून सेकंदाला १६० मापने आहेत. कुणाही एकाच्या या दोन नोंदी उतरवून घ्याव्यात. आज्ञावलीसाठी (सॉफ्टवेअरसाठी) दोन चांगले पर्याय आहेत. ‘ईईजीलॅब’मध्ये डोक्याचा त्रिमितीय साचा तयार मिळतो, पण ती ‘मॅटलॅब’वर चालते आणि मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागतो. ‘एमएनई-पायथन’ पूर्णपणे मोफत आहे. खालील पायऱ्या दोन्हींना लागू पडतात.

संगणकाला हात लावण्यापूर्वी एक सोललेला नारळ घ्यावा. रत्नागिरीत मुलांना हा विषय शिकवताना इलेक्ट्रोडच्या जागा फळ्यावरील वर्तुळापेक्षा नारळावर फार लवकर समजतात, हे मी पाहिले आहे. शेंडी काढून नारळ आडवा ठेवावा. डोळ्यांचे टोक म्हणजे नाकाचे मूळ आणि दुसरे टोक म्हणजे डोक्यामागील हाडाचा उंचवटा समजावा. दोन्ही टोकांमधील अंतर वरून दोऱ्याने मापावे आणि १०, २०, २०, २०, २० व १० टक्के असे त्याचे भाग पाडावेत. दोरा २० सेंटीमीटर भरला, तर २, ६, १०, १४ आणि १८ सेंटीमीटरवर खुणा येतात. या खुणा म्हणजे इलेक्ट्रोडच्या जागा: मधलीचे नाव ‘सीझेड’ आणि शेवटचीचे ‘ओझेड’. १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेली ‘१०-२० पद्धत’ ती हीच. ६४ इलेक्ट्रोडसाठी याच जाळ्याचे आणखी बारीक भाग पाडतात.

आता नोंद स्वच्छ करावी. १ ते ४० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवर्तने) गाळणीने संकेताची मंद सरक आणि विजेच्या तारांची घरघर दोन्ही कमी होतात (आपल्याकडे ही घरघर ५० हर्ट्झची असते, या नोंदी अमेरिकेतील असल्याने त्यांत ती ६० हर्ट्झची आहे). बिघडलेला इलेक्ट्रोड वगळावा आणि सर्व इलेक्ट्रोडची सरासरी हा संदर्भ, म्हणजे मोजणीचे शून्य, धरावा. पापणीच्या उघडझापीचा संकेत मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे तो ‘स्वतंत्र घटक विश्लेषणा’ने, म्हणजे मिसळलेले संकेत सुटे करणाऱ्या गणिती रीतीने, वेगळा काढावा, नाहीतर कपाळावर सतत लालभडक डाग उमटत राहील. शेवटी ८ ते १३ हर्ट्झची पट्टी वेगळी करावी.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. इलेक्ट्रोड ६४ असले, तरी डोक्याच्या साच्यावर रंगवायचे बिंदू शेकडो असतात, म्हणून मधल्या जागांची मूल्ये गणिताने भरावी लागतात. हर्णै, रत्नागिरी आणि वेंगुर्ले येथील वेधशाळांच्या आकड्यांवरून सगळ्या किनारपट्टीचा पाऊस नकाशावर रंगवावा, तसेच हे काम आहे. केंद्रांच्या मधला अंदाज बरा येतो. पण त्याच आकड्यांवरून सह्याद्रीपलीकडचा पाऊस सांगू गेल्यास फसगत होते. डोक्यावरही कानाखाली आणि मानेकडे, जिथे इलेक्ट्रोडच नाहीत, तिथल्या रंगांवर विश्वास ठेवू नये. तो भाग करडा ठेवावा. या कामासाठी ‘गोलीय स्प्लाइन’ ही, डोके गोल मानून बिंदूंमधून गुळगुळीत पृष्ठ काढणारी, रीत रूढ आहे आणि दोन्ही आज्ञावल्यांत ती उपलब्ध आहे.

साच्यावर इलेक्ट्रोड बसवताना दिशा तपासावी. ईईजीलॅबमध्ये क्ष-अक्ष नाकाकडे जातो, तर एमएनईमध्ये य-अक्ष नाकाकडे जातो. एकातील निर्देशांक दुसऱ्यात तसेच नेले, तर सगळा नकाशा ९० अंशांनी फिरतो आणि मागची अल्फा लय कानावर दिसू लागते. ओळखीच्या लयीपासून सुरुवात केल्याचा लाभ इथे हाती येतो.

काय दाखवायचे, हेही आधी ठरवावे. प्रत्यक्ष व्होल्टता दाखवल्यास धन आणि ऋण रंग सेकंदाला प्रत्येकी सुमारे १० वेळा आलटूनपालटून येतील. त्यासाठी शून्याला पांढरा रंग असलेली निळी-पांढरी-लाल पट्टी घ्यावी. लयीची केवळ ताकद दाखवायची असेल, तर हिल्बर्ट रूपांतर या गणिती क्रियेने तिचे आवरण, म्हणजे लाटांची क्षणोक्षणीची उंची, काढावे आणि फिकट ते गडद अशी एकाच रंगाची पट्टी वापरावी. इंद्रधनुषी पट्टी मात्र टाळावी, कारण जिथे मूल्य हळूहळू बदलते तिथेही ती सीमारेषा असल्याचा भास निर्माण करते. रंगांची मर्यादा दोन्ही नोंदींसाठी आणि चलचित्राच्या सर्व चौकटींसाठी (फ्रेमसाठी) एकच असावी. प्रत्येक चौकटीला आपली मर्यादा आपण ठरवू दिली, तर डोळे उघडल्यावरची क्षीण लयही मिटलेल्या डोळ्यांच्या लयीइतकीच ठळक दिसेल आणि चलचित्र चक्क खोटे बोलेल.

१ सेकंदाच्या नोंदीतून १६० चौकटी मिळतात. त्या सेकंदाला १६ या गतीने दाखवल्यास काळ १० पट संथ होतो आणि १० हर्ट्झचे एक आवर्तन पूर्ण सेकंदभर निवांत पाहता येते. प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी. आषाढात अर्ध्यावर वीज गेली, तर झालेले काम वाया जात नाही. मग ‘एफएफएमपेग’ या चलचित्र बनवणाऱ्या आज्ञावलीने चित्रे जोडावीत. डोके मागून आणि किंचित वरून दाखवावे व ते स्थिर ठेवावे. कोपऱ्यात मिलिसेकंदांत वेळ, मायक्रोव्होल्टमधील रंगपट्टी, वापरलेली गाळणी आणि संथपणाचे प्रमाण लिहावे.

कवटी आणि त्वचेतून येताना विद्युतक्षेत्र पसरट होते, त्यामुळे गडद डागाच्या थेट खालीच त्याचा उगम आहे असे समजू नये. घरातील कुणाच्या ईईजीचे असे चित्र करून त्यावरून आजाराचा अंदाज तर मुळीच बांधू नये. ते मेंदूविकारतज्ज्ञांचे काम आहे.

अल्फा लय दोन्ही बाजूंना जवळपास सारखी असल्यामुळे डावे-उजवे उलटे झाल्याची चूक तिच्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच संग्रहातील तिसरी, सातवी आणि अकरावी नोंद घ्यावी. त्यांत स्वयंसेवक डावी किंवा उजवी मूठ उघडझाप करतात. तिन्हींतील उजव्या मुठीच्या वेळा एकत्र करून ८ ते १३ हर्ट्झच्या ताकदीची सरासरी काढल्यास, बहुतेकांमध्ये डाव्या बाजूच्या ‘सी३’ या इलेक्ट्रोडभोवती ती अधिक उतरलेली दिसते, कारण उजवा हात मेंदूची डावी बाजू चालवते.